डोंगरावरचं जहाज

लोणावळ्यात पाहण्यासारखं काय, असं विचारलं की लोक भुशी, टायगर पॉइंट, चिक्की आणि पावसाळ्यातल्या गाड्यांच्या रांगा एका दमात सांगून टाकतात. जहाजाचं नाव कुणी घेत नाही. जहाज मात्र आहे. भुशीच्या रस्त्याला, कुरवंड्याच्या शेजारी, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंचावर ते १९४५ पासून आहे. त्याला नाव आहे, घंटा आहे, निशाण आहे, वर कप्तानाच्या जागी कमांडिंग ऑफिसर आहे. फक्त खाली पाणी नाही. आयएनएस शिवाजी. नौदलात बॉयलर, टर्बाइन आणि इंजिनं सांभाळणारी माणसं इथे तयार होतात.

माझे यजमान नौदलात आर्टिफिसर, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘टिफी’. ऐंशीच्या दशकात त्यांची बदली तिथे शिकवायला झाली आणि आमचं बिऱ्हाड जहाजावर गेलं. मी जयगडच्या खाडीकाठची; लहानपणापासून गलबतं आणि मचवे पाहिलेली. ते माणदेशातले, जिथे उन्हाळ्यात विहिरीत पोहायलाही पाणी उरत नाही. त्यामुळे समुद्राकाठच्या मुलीला जहाजावर राहण्यासाठी घाट चढून वर यावं लागलं, याची आमच्या माहेरी बरीच थट्टा झाली. वडील पत्रात पत्ता लिहायचे आणि खाली हमखास विचारायचे, “भरती-ओहोटी कशी आहे?”

पण नौदलातल्या बायकांना यातलं सुख कळतं. पाण्यावरच्या जहाजात नवरा महिनोन् महिने जातो आणि आपण कुलाब्याच्या नाहीतर विशाखापट्टणमच्या क्वार्टरमध्ये पोरं, रेशन आणि पत्रांची वाट सांभाळत बसतो. बायकोला नवऱ्याबरोबर राहता येईल असं नौदलात एकाच जातीचं जहाज, ते म्हणजे बिनपाण्याचं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण सलग एक अख्खा हिवाळा एका छपराखाली काढला तो पहिल्यांदा शिवाजीवर.

जमिनीवरच्या तळाला जहाज म्हणण्याची ही रीत इंग्रजांची. त्यांच्या नौदलाचा शिस्तीचा कायदा जहाजाच्या पटावर नाव असलेल्या माणसालाच लागू व्हायचा. मग किनाऱ्यावरच्या शाळा, बराकी, कोठारं यांतल्या माणसांचं काय करायचं? सोपा उपाय निघाला. त्या जागेलाच जहाज म्हणून नेमायचं आणि सगळ्यांची नावं तिच्या पटावर चढवायची. त्याच्याही आधी, १८०४ साली, त्यांनी कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक बेटाजवळचा एक अख्खा खडक ‘डायमंड रॉक’ या नावाने युद्धनौका म्हणून ताफ्यात घेतला होता. खडकावर तोफा चढवल्या, खलाशी ठेवले. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी तो परत घेतला. अशा तळांना इंग्रज खलाशी गमतीने दगडी फ्रिगेट म्हणत.

हीच पद्धत रॉयल इंडियन नेव्हीत आली. दुसऱ्या महायुद्धात नौदल झपाट्याने वाढलं आणि किनाऱ्यावर अशी जहाजं उभी राहिली. मढ-मार्वेला हमला, ठाण्याजवळ कोलशेतला अकबर, जामनगरला वलसुरा, कुलाब्याला तलवार. त्याच माळेत १५ फेब्रुवारी १९४५ ला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कॉलव्हिल यांच्या हस्ते लोणावळ्याचं एचएमआयएस शिवाजी सुरू झालं. ‘हिज मॅजेस्टीज’ ही बिरुदं आणि पुढे शिवाजी! महाराजांनी ते ऐकून काय म्हटलं असतं, याचा विचार मी भांडी घासताना पुष्कळदा केला आहे. २६ जानेवारी १९५० ला ती बिरुदं गेली आणि आयएनएस शिवाजी राहिलं.

बिनपाण्याचं जहाज म्हणून कुणी हसू नये. शिवाजी सुरू झाल्यावर वर्षभराने, १८ फेब्रुवारी १९४६ ला, नौदलातला सगळ्यात मोठा उठाव सुरू झाला तो तलवारवर. समुद्रात कधी न उतरलेल्या या जहाजावर निकृष्ट जेवणावरून आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अपमानास्पद वागणुकीवरून ठिणगी पडली आणि काही दिवसांत ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि सुमारे २०,००० नौसैनिक त्यात आले.

आता माझं एक मत सांगते. लोणावळा पावसाचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा इतिहास घडला तो हिवाळ्यात. पावसाळ्याचे चार महिने इथे कुणाला काही करताच येत नाही. धुकं, गळकी छपरं, ओलं सरपण. जे काही घडवायचं ते दिवाळीनंतर आणि शिमग्याच्या आत. तारखा बघा.

१६६१ चा फेब्रुवारी. मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोहगडाच्या बाजूने तुंगार्लीवरून कुरवंड्याला आला आणि कोकणात उतरण्यासाठी कुरवंडे घाटाच्या तोंडाशी घुसला. बरोबर माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन होती. खाली चावणीजवळच्या उंबरखिंडीत, दाट रानात, महाराज वाट पाहत होते. पुढची वाट अडवली, मागची बंद केली. वरून दगड आणि बाण, प्यायला पाणी नाही. रायबागनच्याच सल्ल्याने खान शरण आला, असं सांगतात. सामान आणि खंडणी ठेवून त्याला जाऊ दिलं. या घाटाचं तोंड शिवाजीच्या कुंपणापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्याकडे दूध घेऊन येणाऱ्या कुरवंड्याच्या मावशी म्हणायच्या, “तुमचं जहाज शिवाजीचं, आणि आमची वाट शिवाजीची.” जहाजाचं नाव ठरवणाऱ्या इंग्रजाला ही वाट माहीत होती का, कोण जाणे. ज्याने ठरवलं त्याचा हात मात्र बरोबर जागी पडला.

मग रेल्वे. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं. चढ ३७ फुटांना एक फूट, बोगदे २५, कामावर माणसं किती? १८६१ च्या सुरुवातीच्या कोरड्या दिवसांत ४०,००० च्या वर. पाऊस आला की ही वस्ती उठायची, थंडी पडली की परत भरायची. कॉलरा आणि अपघातांनी हजारो गेले. त्यांच्या नावांचा दगड मी घाटात कुठे पाहिलेला नाही. १८५९ साली ठेक्याचं काम घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार बायकोला घेऊन आला आणि हिवाळ्याच्या तोंडालाच आजारपणाने गेला. बायको, अ‍ॅलिस, परत फिरली नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउसर हे दोन इंजिनियर हाताशी घेऊन तिने नवऱ्याचा ठेका पुरा केला, आणि कामाचे फोटोही काढले. घाट एप्रिल १८६३ मध्ये उघडला. लोणावळ्यातल्या एखाद्या रस्त्याला तिचं नाव असतं तर मला आवडलं असतं.

रेल्वेने लोणावळा बदलला. इंजिनांचं कारखानावजा शेड आलं, फिटर आले, ड्रायव्हर आले, अँग्लो-इंडियन वस्ती आली. लोक ज्या भुशीच्या पायऱ्यांवर भिजायला जातात तो बंधारा रेल्वे कंपनीने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेला. पर्यटकांसाठी त्यात काही नव्हतं. इंजिनांची तहान होती.

नंतर टाटा. ८ फेब्रुवारी १९११ ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी कोनशिला बसवली आणि बरोबर चार वर्षांनी, १९१५ च्या फेब्रुवारीत, लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचं वीजघर सुरू झालं. जमशेटजींची कल्पना होती. ते १९०४ मध्येच वारले, काम दोराबजींनी तडीस नेलं. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत पावसाळा साठवायचा, नळांतून ५०० मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडायचा आणि त्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. पुढे १९२९ साली बोरघाटात विजेची इंजिनं धावू लागली. तलावांखाली गावं गेली, याची बोलणी लोणावळ्यात फारशी होत नाहीत. पलीकडच्या मुळशीने ती १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर रस्त्यावर आणली, म्हणून तेवढी लक्षात राहिली.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी की १९४५ साली नौदल इंजिनांची शाळा घेऊन या डोंगरावर आलं तेव्हा ते परक्या गावात आलं नाही. वाफ, पाणी, लोखंड आणि वंगण यांवर इथली दोन-तीन पिढ्यांची पोटं भरत होती. शहाळी आणि होड्यांच्या गावात बॉयलर शिकवणं जितकं साजतं, तितकंच इथेही साजतं. माझ्या मते जास्तच.

आमचं क्वार्टर लहानसं होतं. जमिनीला तिथे डेक म्हणायचे, स्वयंपाकघराला गॅली, खोलीला कॅबिन, आणि गेटबाहेर लोणावळ्याच्या बाजारात जाणं म्हणजे ‘अशोर’ जाणं. पहिल्यांदा हे म्हणाले, “चल, संध्याकाळी अशोर जाऊ,” तेव्हा मला वाटलं अलिबागला नेतायत. नेलं ते भाजी मंडईत. सकाळी आठला निशाण चढताना रस्त्यातला माणूस जागच्या जागी सावधान उभा राहायचा, हातात दुधाची किटली असली तरी. कुरवंड्याच्या मावशीसुद्धा थांबायच्या.

नोव्हेंबर संपला की गवत पिवळं पडायचं, भुशीचा रस्ता मोकळा व्हायचा आणि नागफणीच्या कड्यावरून खालचं कोकण स्वच्छ दिसायला लागायचं. रात्री घाटातल्या बँकर इंजिनांची शिट्टी यायची. मुंबईकडून चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागे ही जादा इंजिनं जोडतात, आणि लोणावळ्याला सोडवून घेतात. हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे, “आता सोडली.” बाकी नवरे बायकोला रात्री काय सांगतात ते मला ठाऊक नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती तांब्याचा बंब. माझ्या सासूबाईंनी दिलेला. तीन पाय, मधोमध उभी नळी, तळाशी जाळी आणि राखेचं दार, बाजूला पितळी तोटी. सकाळी नळीत वरून काटक्या आणि शेणीचे तुकडे सोडायचे, पेटवायचं, की नळीभोवतीचं पाणी तापतं. वर तेवढंच गार पाणी ओतलं की तोटीतून कढत बाहेर येतं. आर्टिफिसर माणसाच्या हाती हा बंब पडल्यावर काय होणार? रविवारी शिकाऊ पोरं घरी पोहे खायला आली की त्यांना अंगणात नेऊन बंबासमोर उभं करायचे. नळीत आग आणि भोवती पाणी, म्हणजे हा फायर-ट्यूब बॉयलर. रेल्वेचं जुनं वाफेचं इंजिनही याच जातीचं. युद्धनौकेचा बॉयलर उलटा: नळ्यांत पाणी आणि भोवती आग. पाणी थोडं थोडं आणि पुष्कळ नळ्यांत वाटलेलं, म्हणून वाफ लवकर उठते, दाब जास्त पेलतो आणि एखादी नळी फुटली तरी सगळा बॉयलर फुटत नाही. लढाईत कप्तानाने वेग मागितला की तो मिनिटांत द्यावा लागतो; बंबासारखं अर्धा तास फुंकत बसता येत नाही.

मग पाण्यावर यायचे. माणदेशातल्या घरी विहिरीच्या पाण्याने बंबाच्या आत पांढऱ्या क्षाराचं जाड कवच चढायचं. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते ठोकून काढावं लागे. जहाजाच्या बॉयलरात असं कवच चढलं तर नळीची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, नळी तापून लाल होते आणि फाटते. म्हणून समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातन करून तिथे भरतात आणि त्याची तपासणी डॉक्टर नाडी पाहतो त्या नेमाने करतात. पोरांना हे पुस्तकातूनही कळलं असतं, पण सासूबाईंच्या बंबाचं कवच बोटाने खरवडून पाहिल्यावर विसरणं शक्य नव्हतं. एक गोष्ट मात्र बंबावर दाखवता यायची नाही. फार तापवलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. नळीला बारीक भेग पडली तर सुईसारखी वाफ बाहेर येत असते आणि हात मध्ये गेला तर कापून नेते. जुने स्टोकर झाडूचा दांडा पुढे धरून चालायचे, म्हणतात; दांडा तुटला की भेग तिथे. हे ऐकून पोरं पोहे खायचं थांबायची.

बंबाचा एक उपयोग आमच्या शेजारच्या मल्याळी चेचीने शोधून काढला. लोणावळ्याच्या थंडीत इडलीचं पीठ फुगेना. तिने रात्री पिठाचं भांडं आणून आमच्या विझत्या बंबाच्या शेजारी, गोणपाटात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. सकाळी पीठ वर आणि बदल्यात आम्हाला चार इडल्या. आमच्या रांगेत हरियाणा, आंध्र, केरळ, बंगाल, रत्नागिरी अशी घरं. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं तेव्हा अर्ध्या बायकांना वाण म्हणजे काय हे सांगावं लागलं. वाण म्हणून मी काडेपेटी आणि गूळ दिला. कुणी हसलं, पण बंब सगळ्यांकडे पेटायचे.

डिसेंबर मात्र हसण्याचा नसायचा. ४ डिसेंबर हा नौदल दिन, १९७१ मध्ये क्षेपणास्त्र नौकांनी कराची पेटवली त्याची आठवण. परेड, बडाखाना, पोरांच्या शर्यती. नंतर पाच दिवसांनी ९ डिसेंबर येतो. त्या दिवशी १९७१ साली आयएनएस खुकरी टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. टॉर्पेडो जहाजाच्या पोटात लागतो आणि इंजिनवाले पोटातच असतात. डेकवरच्याला उडी मारता येते. खालच्याला शिडी चढायला वेळ लागतो. आमच्या रांगेतल्या बहुतेक नवऱ्यांच्या ओळखीचं कुणीतरी त्यात होतं. त्या दिवशी हे शाळेतून घरी यायला उशीर करायचे, आणि मी विचारत नसे.

शिवाजीवर म्हणूनच इंजिनांबरोबर आणखी एक विद्या शिकवतात: भोक पडलेलं जहाज तरतं ठेवणं. त्यासाठी पुढे तिथे ‘अक्षत’ नावाचं एक जहाजाचं पोट बांधलं. ते हलतं, कलतं आणि भिंतीतल्या भोकांतून त्यात पाणी घुसवलं जातं. छातीभर पाण्यात उभं राहून पोरांनी लाकडी खुंट्या, गाद्या आणि टेकू लावून ते थांबवायचं. म्हणजे ज्या जहाजाखाली पाणी नाही त्याच्या आत बुडण्याची सोय आहे. २०२२ मध्ये ‘अभेद्य’ ही अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक हल्ल्यांपासून बचावाच्या सरावाची इमारतही सुरू झाली. आमच्या वेळी नव्याने आलेल्या राजपूत जातीच्या नौकांवर गॅस टर्बाइन होती आणि वाफेची सद्दी संपणार हे टिफींना दिसत होतं. विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, विराट २०१७ ला. वाफ शिकलेली आमची पिढी त्यांच्याबरोबर घरी आली.

नंतर यजमानांची बदली परत पाण्यावरच्या जहाजावर झाली. बंब मी बरोबर नेला. मुंबईच्या क्वार्टरमध्ये त्याला पेटवायला परवानगी मिळाली नाही.

१३ फेब्रुवारी २०२० ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी शिवाजीला राष्ट्रपतींचं निशाण दिलं. पुन्हा फेब्रुवारी. १५ फेब्रुवारी २०४५ ला हे जहाज शंभर वर्षांचं होईल. मावळात रेल्वेच्या शेडमधल्या, टाटांच्या नळांवरच्या आणि शिवाजीवरच्या माणसांची घरं अजून आहेत. त्यांच्या माळ्यावर सर्व्हिस बुकं, ग्रुप फोटो, हत्यारांच्या पेट्या पडून आहेत. तुमच्या घरात असं काही असेल तर ते रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे नावं लिहा, साल लिहा, आणि म्हातारं माणूस हयात असेल तर त्याला या हिवाळ्यातच विचारून घ्या.